वाचकांचे प्रश्न: मासे समुद्र तापल्यामुळं आले की माणसानं आणले?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्यांचं जहाज सायप्रसला लागलं होतं तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं की तिथलं सरकार मच्छीमारांना एक विषारी मासा पकडायला किलोमागं पैसे देतं, आणि तो मासा मूळचा तिथला नाहीच, समुद्र गरम झाला म्हणून आलाय. समुद्र तर सगळा एकमेकाला जोडलेलाच आहे ना, मग त्यात परका मासा कसा काय?

उत्तर: काका, जोडलेला आहे पण कुठून जोडलाय ते महत्त्वाचं. सायप्रस ज्यात आहे तो भूमध्य समुद्र आणि लाल समुद्र यांच्यामध्ये पूर्वी जमीनच होती, 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि तिथून वाट झाली. लाल समुद्रातले, म्हणजे आपल्याच हिंदी महासागराच्या कुळातले शेकडो जीव त्या वाटेनं वर गेलेत. लगेच सगळे गेले नाहीत बरं का, कारण वाटेत बिटर लेक्स नावाची तळी आहेत, त्यांच्या तळाशी मिठाचे जाड थर, पाणी इतकं खारट की बरेच जीव तिथंच अडकायचे. हळूहळू ते मीठ विरघळत गेलं. दुसरं म्हणजे पलीकडच्या तोंडाजवळ नाईलच्या पुराचं गोडं पाणी समुद्रात यायचं, त्याचाही अडसर होता, 1970 मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि ते पाणीही अडलं. धरणामुळं खालच्या नदीचं काय होतं हे कोयनेच्या काठच्या माणसाला सांगायला नको, पण ते थेट समुद्रापर्यंत पोचतं हे आपल्या लक्षात येत नाही. 2015 मध्ये कालव्याचा काही भाग अजून रुंद आणि खोल केला.

आता तुमचा मासा. तो केंड, कोकणात ज्याला केंड म्हणतात त्याच जातकुळीतला, चंदेरी गालाचा. भूमध्य समुद्रात 2003 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्याला पहिल्यांदा सापडला आणि काही वर्षांतच पूर्वेकडं सगळीकडं झाला. त्याचे दात बघितलेत का कधी? वर दोन पट्ट्या खाली दोन पट्ट्या, एकाला एक जुळलेल्या, पोपटाची चोच असावी तसं तोंड. मच्छीमार पहाटे जाळं ओढतो तर अर्धी मासळी चावून टाकलेली आणि जाळ्यालाच भोकं पडलेली, गळ लावला तर दोरी कापून मोकळा. मासळी गेली ती गेली वर जाळ्याचा खर्च, आणि पकडला तरी विकता येत नाही कारण त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, ते शिजवून जात नाही आणि त्याच्यावर उतारा नाही. म्हणून सरकार पैसे देतंय.

गरम पाण्याचं म्हणाल तर त्यासाठी लायनफिशचं उदाहरण चांगलं आहे. हा पट्ट्यापट्ट्यांचा, पंखांसारखे पर असलेला मासा. 1991 मध्ये इस्रायलच्या किनाऱ्याला एक सापडला, पुढं वीसेक वर्षं पत्ता नाही. मग 2012 मध्ये लेबनॉनजवळ परत दिसला आणि ह्यावेळी मात्र राहिला, सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस असा पसरत गेला. वाट तर 1991 मध्येही होतीच की! फरक पाण्यात पडला, हिवाळ्यात पाणी जितकं गार व्हायचं तितकं होईना, त्यामुळं आलेला जीव मरेना आणि त्याची पिल्लंही जगायला लागली. एक मादी वर्षाला वीस लाखांच्या आसपास अंडी घालते, त्यामुळं एकदा पिल्लं जगली की संपलंच. तेव्हा मुलाला सांगा, त्यानं ऐकलं ते अर्धं खरं आहे. आणलं माणसानं, कालवा खणून, ठेवून घेतलं तापलेल्या पाण्यानं. मी हे मुद्दाम ताणून सांगतोय कारण हल्ली सगळं हवामान बदलावर ढकललं की कुणालाच काही करायची गरज उरत नाही.

प्रश्न (कराड): असे मासे आले तर सरळ पकडून खायचे की, त्यात काय एवढं?

उत्तर: लायनफिश खाता येतो, विष त्याच्या काट्यात असतं, मांसात नाही, काटे नीट कापले की झालं. ट्युनिशियात निळ्या खेकड्यांनी आधी जाळी फाडून मच्छीमारांना रडवलं, नंतर तोच खेकडा परदेशी जायला लागला आणि त्यांना त्यातून पैसे मिळायला लागले. पण इटलीत बघा, पो नदीच्या मुखाशी शिंपल्यांची मोठी शेती आहे, तिथं 2023 मध्ये अमेरिकेकडचा निळा खेकडा इतका वाढला की शिंपल्यांची पिल्लं खाऊन फस्त, सरकारला 29 लाख युरो बाजूला काढावे लागले. खेकडा खा म्हणून लोकांना सांगितलं, लोकांनी खाल्लाही, शिंपले काही परत आले नाहीत. खाल्ल्यानं संख्या आटोक्यात राहते, संपत नाही. आणि एकदा धंदा उभा राहिला की तो जीव संपावा असं कुणाला वाटेल?

प्रश्न (सातारा): मी शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या कोकण किनाऱ्याला असं काही होतंय का? मुलांना जवळचं उदाहरण द्यायचंय. तारली मासळी वर, उत्तरेकडं सरकली हे वाचलं होतं, ते ह्यातच येतं का?

उत्तर: ताई, तारलीचं वेगळं ठेवा, मुलांचा गोंधळ होईल. तारली पूर्वी मुख्यत्वे केरळ-कर्नाटकच्या बाजूला मिळायची, गेल्या काही दशकांत ती उत्तरेकडं आणि पूर्व किनाऱ्यालाही मिळायला लागली, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संस्थेनं हे बरंच मांडलंय. पण ती आपलीच, स्वतः पोहत गेलेली. असंच ऑस्ट्रेलियात लांब काट्यांचा समुद्री अर्चिन गरम प्रवाहाबरोबर खाली टास्मानियाला गेला, त्याच्या पिल्लांना साधारण 12 अंशांच्या वर पाणी लागतं आणि तिथं ते मिळायला लागलं. आता तो तिथली शैवालाची जंगलं खाऊन खडक उघडे पाडतोय. म्हणजे स्वतः सरकलेलाही त्रास देऊ शकतो, पण त्याला कुणी उचलून आणलेलं नाही.

उचलून आणलेल्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे काळ्या पट्ट्याचा शिंपला. जेमतेम नखाएवढा, मूळ मध्य अमेरिकेच्या बाजूचा, 1967 च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात नोंदला गेला आणि पुढं मुंबईच्या गोदीतही आला. अंगातून बारीक चिवट धागे काढतो आणि दोर, खांब, जहाजाचा तळ, जे मिळेल त्याला चिकटतो, मग एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे घोसच्या घोस, खालचं काही दिसत नाही. अलीकडं केरळात अष्टमुडी तलावात अमेरिकेकडचाच दुसरा एक शिंपला तसाच पसरलाय आणि तिथल्या हिरव्या शिंपल्यांवर पोट असलेल्या लोकांची पंचाईत झालीय. मन्नारच्या आखातात तर शैवाल मुद्दाम आणलं, लागवडीसाठी, त्यातून निघणारा कॅराजीनन आइस्क्रीमसारख्या पदार्थांत वापरतात. 2008 मध्ये ते कुरुसडाई बेटाजवळ प्रवाळांवर चढून त्यांना गुदमरवताना सापडलं.

जहाजातून कसे येतात ते मुलांना फळ्यावर काढून दाखवा. माल उतरवला की जहाज हलकं होतं, तोल राहावा म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, त्याला बॅलास्ट वॉटर म्हणतात. त्या पाण्यात अंडी, पिल्लं, डोळ्याला न दिसणारे जीव सगळे आले. दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते पाणी ओततात. काळ्या समुद्रात 1980 च्या दशकात असाच एक जेलीसारखा जीव अमेरिकेकडून आला आणि माशांचं खाणं आणि माशांची अंडी दोन्ही खाऊन तिथली अँकोव्ही ह्या लहान माशाची मासेमारी कोसळली. त्यानंतर जग जागं झालं, 2004 मध्ये बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला पण लागू व्हायला 2017 उजाडलं, तेरा वर्षं! आता हे पाणी स्वच्छ करायची यंत्रणा जहाजावर लागते, तुमच्या वर्गातल्या कुणाचा मामा-काका जहाजावर असेल तर त्याला वर्गात बोलवा, माझ्यापेक्षा तो चांगलं सांगेल.

आणि हेही सांगा की आल्या आल्या लक्षात आलं तर घालवता येतं. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला हाच काळ्या पट्ट्याचा शिंपला बोटींच्या धक्क्यांवर सापडला, त्यांनी ते धक्के लगेच बंद केले, क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आतलं बाकी सगळंही मेलं पण शिंपला गेला. बंदिस्त पाणी होतं आणि उशीर केला नाही म्हणून जमलं. उघड्या समुद्रात असं काही करताच येत नाही, म्हणून सगळा भर दारावरच द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (इस्लामपूर): घरची फिशटँक बंद करायचीय. चार मासे आहेत, त्यातला एक काच चाटणारा सकर. जीव जाऊ नये म्हणून कृष्णेत सोडले तर चालेल ना?

उत्तर: नका सोडू, कृपा करून. तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण अमेरिकेच्या बाजूला अटलांटिकमध्ये लायनफिश पसरला तो बहुतेक असाच, पाळलेले सोडून दिल्यामुळं. सकर दक्षिण अमेरिकेचा, अंगावर चिलखतासारखे खवले त्यामुळं दुसरा मासा त्याला सहसा खात नाही, काठाच्या मातीत बिळं करतो आणि जाळ्यात आला की काट्यांनी जाळं फाडतो. उजनीच्या मच्छीमारांना त्यानं जेरीला आणलंय. आपल्या पाण्यात चिलापी आधीच किती झालीय ते तुम्ही बाजारात बघताच. थाई मागूर ह्या बाहेरून आणलेल्या माशावर 2000 सालापासून बंदी आहे तरी तो अजून सापडतो. मरळ, वाम ह्यांना कुठं जागा ठेवणार आपण?

ज्या दुकानातून घेतले तिथं विचारा, बरेच दुकानदार परत घेतात. नाहीतर ओळखीत कुणाची मोठी टाकी असेल तर त्यांना द्या, शाळेच्या प्रयोगशाळेलाही चालतील. टाकीतलं पाणी आणि वनस्पती ओढ्यात किंवा गटारात ओतू नका, पाणी झाडांना घाला आणि वनस्पती उन्हात कडक वाळवून मगच टाका. कुणीच घेत नसेल तर सकर एकटा एका साध्या टाकीत ठेवा, फार काही लागत नाही त्याला, फक्त तो बरीच वर्षं जगतो आणि वाढतोही भरपूर, तेव्हा टाकी मोठी घ्या.