कुळागरातलं हिरवं इंजिन

प्रश्न : मेस्तकाका, नमस्कार. गोव्यात माशेलजवळ आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आहे. तिथल्या पंपघरात आजोबांच्या वेळचं इंजिन पडून आहे. दोन्ही बाजूंना मोठी चाकं, रंग हिरवा. विजेचा पंप बसवल्यापासून ते बंदच आहे. पितळी पट्टी चिंचेने घासली तर 'आर. ए. लिस्टर, डर्स्ली, इंग्लंड' असं वाचता आलं. खाली ६/१ आणि ६५० असे आकडे आहेत. भाऊ म्हणतो भंगारात घालूया, भंगारवाला किलोवर भाव सांगूनही गेला. आई ऐकत नाही. हा लिस्टर कोण? इंजिन किती जुनं असेल? आणि ते ठेवून काही उपयोग आहे का? (एक वाचक, माशेल)

उत्तर : ताई, भंगारवाल्याला आधी 'बघू' म्हणा. नाही म्हटलं तर तो भाव वाढवेल आणि तुमचा भाऊ विरघळेल.

आता लिस्टर. पट्टीवर ज्याचं नाव आहे त्याने तुमचं इंजिन बनवलेलं नाही. मेस्ताचं डोकं फिरलं असं वाटेल, पण हिशेब सोपा आहे. रॉबर्ट ॲश्टन लिस्टर जन्मला १८४५ साली. डर्स्ली हा ग्लॉस्टरशायरमधला लहानसा गाव, लोकरीच्या कापडाचा. बाप जॉर्ज हा लोकर पिंजायच्या यंत्रांना लागणाऱ्या तारांच्या दात्यांचं काम करायचा. बापलेकाचं पटलं नाही. मुलाने १८६७ त, बाविसाव्या वर्षी, वेगळी चूल मांडली आणि शेतकऱ्याला लागणारी यंत्रं करू लागला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात असे कारखानदार इंग्लंडच्या गावोगावी उगवले होते. कुणी नांगर करायचा, कुणी मळणीयंत्र, कुणी वाफेचं इंजिन. बहुतेकांची नावं आज त्यांच्या गावातसुद्धा कुणाला आठवत नसतील. लिस्टरचं नाव मात्र माशेलला तुमच्या आईच्या तोंडी आहे.

त्याचं नाव झालं ते इंजिनामुळे नव्हे, मलईमुळे. मिकेल पेडरसन नावाच्या डॅनिश माणसाने दुधातून मलई वेगळी काढायचं यंत्र तयार केलं होतं. १८८९ त लिस्टरने त्याचे हक्क घेतले आणि 'अलेक्झांड्रा' या नावाने ते विकायला काढलं. तुमच्या आईने रवीने ताक घुसळलं असेल. इथे रवी नाही. दूध एका भांड्यात गरगर फिरवायचं, जड दूध कडेला जातं, हलकी मलई मधोमध राहते, दोघांना दोन नळ्या. हा पेडरसन पुढे डर्स्लीलाच राहायला आला आणि त्याने एक विचित्र सायकल केली. तिला चामड्याची सीट नाही, दोऱ्यांनी विणलेली झोळी. मी चित्र पाहिलंय. आमच्या अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, चढावर ती घेऊन कोण गेला असता देव जाणे.

पेट्रोलवर चालणारी इंजिनं कारखान्यात सुरू झाली १९०९ च्या सुमाराला. १९११ त म्हाताऱ्याला 'सर' केलं. त्यानंतर विसाच्या दशकात कारभार नातवंडांकडे गेला, त्यांत पर्सी लिस्टर हा मुख्य. कारखान्याचं पहिलं डिझेल इंजिन १९२९ त निघालं. त्याच वर्षी डिसेंबरात म्हातारा वारला, वय चौऱ्याऐंशी. १९३० त ५/१ आलं : पाच अश्वशक्ती, एक सिलिंडर, मिनिटाला ६०० फेरे. तुमचं ६/१ हा त्याच घरातला पुढचा. सहा अश्वशक्ती, एक सिलिंडर, ६५० फेरे. पट्टीवरचे आकडे तेच सांगतात.

म्हणजे काम नातवाचं, नाव आजोबाचं. तुमच्या घरात उलट झालंय : इंजिन आजोबांचं आणि नातू ते किलोवर विकतोय. भावाला हे वाचून दाखवू नका.

किती जुनं, हे ६/१ वरून कळणार नाही. हे मॉडेल १९८७ पर्यंत कारखान्यात होत होतं, आणि पन्नास वर्षांत त्यात असा फरक फार थोडा झाला की माझ्यासारख्याच्या डोळ्याला दिसेल. पट्टीवर आणखी एक लांब नंबर ठोकलेला असेल, तो पाठवा. त्याहून सोपं म्हणजे आईला विचारा, इंजिन आलं तेव्हा गोव्यात कोणाचं राज्य होतं. १९५५ त भारताने नाकेबंदी घट्ट केली आणि कॅसलरॉककडून येणारी आगगाडी थांबली. तोवर बेळगाव-मुंबईचं सामान घाट उतरून यायचं, ते अडलं. त्या काळात इंजिन आलं असेल तर ते बोटीनेच मुरगावला उतरलं असणार. माझे वडील भाताच्या गिरणीवर होते. ते सांगायचे, नाकेबंदीत एक वॉशर मिळेना म्हणून त्यांनी जुन्या चपलेचं चामडं कापून बसवलं आणि त्यावर दोन सुगी काढल्या.

त्याच गिरणीवर लिस्टरच्या आधी दुसरं एक इंजिन होतं. त्याच्या डोक्यावर लोखंडी गोळा. रोज सकाळी बत्ती लावून तो गोळा तापवायचा, तोवर भात घेऊन आलेली माणसं विड्या ओढत बसायची. हा जुना प्रकार. इंग्लंडातल्या ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने १८९२ त एक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या संशोधकाच्या आराखड्यावरून तसली इंजिनं काढली होती. लिस्टरच्या या मॉडेलला 'सीएस' म्हणतात, म्हणजे कोल्ड स्टार्ट. बत्ती नको. थंड इंजिन हँडल मारून सुरू. आज यात काय मोठं असं वाटेल, पण पावसाळ्यात भिजलेल्या काड्यांनी बत्ती पेटवणाऱ्या माणसाला विचारा.

ही करामत कशी, ते तुमच्या इंजिनावर बोट ठेवून बघता येईल. डोक्याच्या एका अंगाला छोटं हातचाक आहे, नळाला असतं तसं. ते आत पिळलं की आतली एक जादा पोकळी बंद होते. हवेला जागा कमी, म्हणून दाब जास्त, म्हणून हवा जास्त तापते आणि डिझेल पेटतं. इंजिन धरलं, भार आला की चाक बाहेर सोडायचं. पुष्कळ ठिकाणी हे चाक गंजून जाम झालेलं असतं, कारण नंतरच्या माणसांना ते कशासाठी आहे हेच ठाऊक नव्हतं. आत तेल उडवायला पंपाची भानगड नाही. पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बुडाला चमच्यासारखा एक दात असतो, तो प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडतो आणि शिंतोडे उडवतो. झालं वंगण. बाजूचं झाकण दोन नट काढून उघडा, तो चमचा दिसेल. चार पाने, एक हातोडा आणि डोकं शाबूत असेल तर हे इंजिन कुळागरातच खोलून परत जोडता येतं.

माझ्या मते लिस्टरचा खरा वारसा हाच, आणि म्हणूनच त्याची नक्कल झाली. राजकोटला तसली इंजिनं अगणित ओतली गेली. कोणी त्यांना लिस्टर टाइप म्हणतं, कोणी नुसतं लिस्टर. ओतकाम कधी चांगलं, कधी आत रेती राहिलेली. मी राजकोटच्या एका नव्या इंजिनाच्या पोटातून मूठभर ओतशाळेची रेती काढली आहे, शपथेवर सांगतो. पण माप तेच ठेवलं : सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव साडेपाच इंच. त्यामुळे डर्स्लीच्या कारखान्याचं पुढे काहीही झालं तरी, म्हणजे १९६५ त तो हॉकर सिडली कंपनीकडे गेला आणि १९८६ त पेटर या दुसऱ्या इंजिन कंपनीशी जोडला जाऊन लिस्टर-पेटर झाला, तरी तुमच्या इंजिनाचा पिस्टन अजून मिळतो. इंग्लंडातल्या हौशी माणसांनीसुद्धा राजकोटची इंजिनं मागवून घेतली.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर घाटापलीकडचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापायच्या यंत्रापासून सुरुवात केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन बिघडते असं शेतकरी म्हणायचे, म्हणून ते नांगर कितीतरी दिवस पडून होते. पुढे १९१० ला किर्लोस्करवाडी, आणि १९४६ त ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी. मुलूख वेगळे, वाट तीच : आधी शेतकऱ्याचं अवजार, शेवटी इंजिन.

एक गोष्ट सांगतो आणि कामाला लागतो. मी लहान असताना आमच्या गावच्या जत्रेला नाटक व्हायचं. विजेचे खांब आले नव्हते. एका भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, लिस्टर गाड्यावर घालून आणायचे, पट्ट्याने डायनॅमो जोडायचे आणि मांडवात दिवे लागायचे. पण आवाज! नायिकेने पद घेतलं की मागून ठक् ठक् ठक्. एका वर्षी गायक नट रुसला, म्हणून इंजिन तळीच्या पलीकडे नेऊन ठेवलं, तर तार पुरेना आणि दिवे मंद. शेवटी तबलजीने तोडगा काढला. इंजिनाच्या ठोक्याला लय धरली आणि पद त्याच लयीत बसवलं. तबलजी माझे मामा. मी इंजिनाकडे वळलो तो तिथे, गाण्याकडे वळलो नाही याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं.

आता तुमचं काम. हँडल मारू नका, कोणालाही मारू देऊ नका. आधी इंजेक्टर, म्हणजे डिझेल आत फवारणारा भाग, काढा आणि त्या भोकातून वाटीभर डिझेल आत सोडा. आठ दिवस तसंच राहू दे, रोज थोडं थोडं घाला. मग चाक हातांनी हलवून बघा, इकडे अर्धा इंच, तिकडे अर्धा इंच. हललं तर तुमचं इंजिन जिवंत आहे. नाही हललं तर घाई नको, आणखी आठ दिवस. चाकाला घणाचे घाव घालू नका, ते बीड आहे, तडकतं. पाणी फिरतं त्या जागेत गाळ असेल, तो तारेने खरवडून काढा. कुळागरातलं पाणी थेट पाटातून घेतलं असेल तर तिथे चिऱ्याची लाल माती दगडासारखी बसलेली असते.

आणि चालू करायची वेळ येईल तेव्हा हँडलवर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, भोवती गुंडाळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मूठ सुटली पाहिजे. माझा उजवा अंगठा अजून वाकडा आहे. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि समोर मुली उभ्या होत्या.

उपयोग विचाराल तर मे महिन्यात वीज गेली आणि पोफळी सुकायला लागल्या की भाऊच विचारेल.

प्रश्न : लिस्टर खोबरेल तेलावर चालतं असं ऐकलं. आमच्याकडे माड भरपूर. करून बघू का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : चालतं. डिझेल इंजिनाला वनस्पती तेल नवीन नाही, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. लिस्टर सावकाश फिरतं, त्यामुळे असलं जाड तेल ते बऱ्यापैकी सोसतं. पण खोबरेल पंचवीस अंशांच्या खाली गेलं की थिजतं. काणकोणच्या डोंगराच्या कुशीत पौषातल्या पहाटे नळीत लोणी झालेलं असेल. डिझेलवर चालू करा, इंजिन तापलं की तेलावर घ्या, आणि बंद करण्यापूर्वी पाच मिनिटं परत डिझेल. तेल गाळून घ्या, चोथा राहिला तर इंजेक्टर तुंबतो. बाकी खोबऱ्याचा भाव बघता मी तरी ते माशाच्या हुमणातच घालीन.

प्रश्न : जुन्या इंग्लिश इंजिनाच्या नटांना आमचे पाने बसत नाहीत. एक मापाने ढिला, दुसरा चढतच नाही. काय करावं? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : तुमचे पाने मेट्रिक, नट विटवर्थ. जोसेफ विटवर्थने १८४१ त आट्यांचं माप ठरवलं, ५५ अंशांचा कोन, आणि इंग्लंडची यंत्रं शंभरावर वर्षं त्यावर चालली. या पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून अर्ध्याचा पाना अर्ध्या इंचाहून बराच मोठा दिसतो. फसू नका. मी माझा संच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगातून एकेक करून जमवला, सात वर्षं लागली. तुमचा संच जमेपर्यंत पाइप पाना वापरू नका, नटाचे कोपरे जातात. ॲडजस्टेबल घ्या आणि घट्ट धरा.