फुलं येतात आणि गळतात? भर उन्हाळ्यात युरिया देऊ नका

टोमॅटो कमरेएवढा झालाय पण फुलं गळतात, काकडीचा वेल फुलांनी भरलाय पण काकडी धरत नाही, तर युरिया द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच देऊ नका. झाडं एवढी हिरवीगार आहेत म्हणजे नत्र भरपूर मिळतंय. आणखी दिलंत तर नुसता पाला माजेल.

टोमॅटोची फूलगळ उष्णतेने होतेय, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. दिवसा पारा ३५ अंशांवर आणि रात्री २४च्या वर राहू लागला की परागकण निकामी होतात. फळ धरलं नाही की फुलाच्या देठावर जी गाठ असते ती पिवळी पडते आणि बोट लागताच फूल तिथूनच सुटतं. बघा, तुमच्याकडेही तसंच होत असेल. रात्रीच्या उकाड्याला आपल्याकडे इलाज नाही. झाड जगवणं मात्र हातात आहे. दुपारी शेडनेट, बुंध्याशी वाळक्या पानांचा चार बोटं थर, आणि सकाळीच मुळांपर्यंत मुरेल असं पाणी. मी पहिल्या वर्षी कंटाळून टोमॅटोची सगळी रोपं उपटली, कोपऱ्यातली दोन तेवढी राहिली. रात्री गार होऊ लागल्यावर त्या दोघांना घोस लागले. अजून हळहळ वाटते.

काकडीचं कारण वेगळं आहे. वेलाला आधी नर फुलंच येतात. मादी फुलं साधारण दहा-पंधरा दिवस मागून. शिवाय मोठे दिवस आणि कडक ऊन असलं की नरांचंच प्रमाण वाढतं. फूल उलटं करून पाहा. नराच्या मागे नुसतं बारीक देठ, मादीच्या मागे बोटाच्या पेराएवढी लवदार काकडी. ती दिसली आणि तरी पिवळी पडून सुकत असेल, तर मधमाश्या येत नाहीयेत असं समजा. मग सकाळी लवकर ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. धरली तर दोन-तीन दिवसांत फुगायला लागते आणि दहा-बारा दिवसांत तोडायला येते.

टोमॅटोला इतकी घाई चालत नाही, फळ धरल्यापासून लाल व्हायला दीड ते दोन महिने लागतात. तोवर रिकाम्या जागेत भेंडी टोचा. तिला ऊन मानवतं, पन्नास-साठ दिवसांत तोडा सुरू होतो.