स्पार्कची दांडी गेली कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे: संग्रहालयात फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली दोन दांड्या दिसल्या, एक थ्रॉटलची (म्हणजे ॲक्सिलरेटरची) आणि एक ‘स्पार्क’ची. ही दुसरी दांडी काय करायची, आणि कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी ती गाड्यांमधून नाहीशी कशी झाली?

थोडक्यात सांगायचं तर प्लगमधली ठिणगी किती लवकर पडायची हे त्या दांडीने ठरायचं. पुढे हे काम दोन छोट्या वजनांनी आणि दोन स्प्रिंगांनी अंगावर घेतलं. सगळं मात्र नाही घेतलं. ड्रायव्हरचा हात जे करत होता त्यातलं अर्धंच या वजनांना जमायचं, आणि उरलेलं अर्धं यंत्राला शिकवायला बराच काळ गेला. मला यातली खरी गंमत तिथेच वाटते.

आधी लवकर ठिणगी का लागते ते बघू. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडल्याबरोबर सगळं एकदम पेटत नाही. प्लगपाशी ज्योत धरते आणि पसरत पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचते. त्याला काही मिलिसेकंद लागतात. दाब सर्वांत जास्त हवा असतो तो पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे मेकॅनिक ज्याला टीडीसी म्हणतात तिथे, जाऊन नुकताच खाली निघालेला असताना. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट, टीडीसीच्या पुढे साधारण १५ अंश गेलेला असताना. म्हणजे ठिणगी त्याच्या बरीच आधी पडायला हवी, पिस्टन अजून वर चढत असतानाच.

पण किती आधी? ढोबळ हिशेबासाठी जळायला ३ मिलिसेकंद धरू. ६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्यांना, एक फेरा १०० मिलिसेकंदांत होतो, त्यामुळे ३ मिलिसेकंदांत क्रँक जेमतेम ११ अंश फिरतो. १८०० आरपीएमला तेवढ्याच वेळात तो ३२ अंश फिरून मोकळा होतो. प्रत्यक्षात वेग वाढला की आत येणारी हवा जास्त घुसळते आणि ज्योत भराभर पसरते, म्हणून गरज इतक्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तरी वाढते हे नक्की. ठिणगी एकाच जागी पक्की करून ठेवली, तर कुठल्या तरी एकाच वेगाला इंजिन खूश आणि बाकी सगळीकडे कुरकुर.

अगदी सुरुवातीच्या इंजिनांना ही अडचण जाणवतच नव्हती. ओटोचं १८७६चं इंजिन १८०च्या आसपास आरपीएमला, एका जागी बसून, एकाच वेगाने चालायचं. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८०च्या दशकात ६०० आरपीएमपर्यंत मजल मारली ती हॉट ट्यूबवर. बर्नरने लाल तापवलेली एक नळी सिलिंडरला जोडलेली. कॉम्प्रेशनमध्ये ताजं मिश्रण त्या नळीत रेटलं जाऊन तापलेल्या भागापर्यंत पोचलं की पेट घ्यायचं. टायमिंग बदलायचं तर नळीची लांबी नाही तर ज्योतीची जागा बदला. चालत्या गाडीत हे कोण करणार? दे दियों-बुतों यांच्या छोट्या इंजिनाने १८९०च्या दशकात १५०० आरपीएम ओलांडले ते बॅटरी, कॉइल (बॅटरीचा व्होल्टेज ठिणगीपुरता वाढवणारी गुंडाळी) आणि कॉन्टॅक्ट ब्रेकर (प्रवाह तोडून ठिणगी पाडणारा स्विच) यांच्या जोरावर. ठिणगी विजेवर आली तेव्हाच ती मागेपुढे सरकवता येऊ लागली, आणि वेग इतका वाढल्यावर ती सरकवणं भागही पडलं.

आता तुम्ही पाहिलेली मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटींच्या घरात गाड्या बनल्या. कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक गोल डबी असते, तिला टायमर म्हणत. आत एक छोटा रोलर फिरतो आणि डबीच्या आतल्या बाजूच्या चार कॉन्टॅक्टांवरून आळीपाळीने जातो. ज्या कॉन्टॅक्टवर रोलर येईल त्या सिलिंडरची कॉइल थरथरू लागते आणि प्लगला ठिणग्या मिळतात. डावीकडची, म्हणजे स्पार्कची, दांडी एका सळईने ही डबीच फिरवते. डबी रोलरच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवली की रोलर कॉन्टॅक्टला लवकर भेटतो, म्हणजे ॲडव्हान्स. त्याच दिशेला सरकवली की उशिरा भेटतो, म्हणजे रिटार्ड. एवढंच तंत्र. या सगळ्यात एक मजा आहे. फ्लायव्हीलवर १६ चुंबकं बसवून केलेल्या मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, प्रवाह एका फेऱ्यात १६ वेळा चढतो-उतरतो, आणि कॉइलला पुरेसा प्रवाह मिळतो तो त्या प्रत्येक चढालाच. त्यामुळे इंजिन मॅग्नेटोवर चालू असताना दांडी तुम्ही कितीही हळुवार सरकवा, ठिणगी २२.५ अंशांच्या पायऱ्यांनीच उडी मारते!

सुरू करताना डावी दांडी पूर्ण वर, म्हणजे पूर्ण रिटार्ड. हे विसरलं तर काय व्हायचं? हँडल मारताना इंजिन अगदी सावकाश फिरत असतं. ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच दाब तयार होतो आणि क्रँक उलटा फिरतो. हँडलचे दाते असे असतात की इंजिन सुरू होऊन पुढे पळालं तर हँडल आपोआप सुटतं, उलटं फिरलं तर मात्र अडकून बरोबर फिरतं, आणि त्याबरोबर मनगटही. म्हणून अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही, असं शिकवत. बुलेटच्या किकने ज्यांची पोटरी सुजली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

इंजिन सुरू झालं की दांडी हळूहळू खाली घ्यायची. सपाट रस्त्यावर वेग आला की आणखी खाली. चढ आला, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि इंजिन दमून टकटक करू लागलं की दांडी थोडी वर. ती उगाच रिटार्ड ठेवून चालवली तर जळणं उशिरापर्यंत रेंगाळतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, रेडिएटर उकळतो आणि पेट्रोल वाया जातं. मुरलेला ड्रायव्हर कानाने दांडी लावायचा. इथे लक्षात घ्या, त्याचा हात दोन वेगळ्या गोष्टी सांभाळत होता: इंजिनाचा वेग, आणि इंजिनावरचा भार.

आपोआप ॲडव्हान्स करायची कल्पना मुळीच अवघड नव्हती. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात हे तत्त्व जेम्स वॅटने १७८८मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलं होतं. अडचण होती ती ठिणगी कुठून येते यात. त्या काळी चांगल्या गाड्यांवर बॉशचा हाय टेन्शन मॅग्नेटो असायचा, गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२मध्ये तयार केलेला. मॅग्नेटोचं आर्मेचर, म्हणजे चुंबकाच्या मध्ये फिरणारी तारेची गुंडाळी, एका ठरावीक कोनात असतानाच सगळ्यात जोरकस ठिणगी देतं. दांडीने नुसता कॉन्टॅक्ट ब्रेकर मागेपुढे केला की तो त्या कोनापासून दूर उघडतो आणि ठिणगी मरगळते. नेमकी सुरू करताना, म्हणजे आधीच वेग कमी आणि त्यात रिटार्ड, ती सगळ्यात दुबळी. श्टुटगार्टच्याच आइझेमान कंपनीने यावर छान तोड काढली. ब्रेकरला हात लावायचाच नाही. आर्मेचरच इंजिनाच्या तुलनेत पुढे सरकवायचं. शाफ्टवर तिरप्या आट्यांचा एक भाग, त्यावर सरकणारी कॉलर, आणि कॉलरला जोडलेली वजनं. वेग वाढला की वजनं फाकतात, कॉलर ओढली जाते आणि तिरप्या आट्यांमुळे शाफ्ट काही अंश पुढे वळतो. ब्रेकर आणि आर्मेचर यांचं नातं तसंच राहतं, त्यामुळे ठिणगी कुठल्याही टायमिंगला तेवढीच जोरकस. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला सर्वांत देखणा उपाय हाच. ट्रक आणि बसचे मालक अशा मॅग्नेटोवर खूश असणार हे उघड आहे. ड्रायव्हर रोज बदलला तरी इंजिन बिघडण्याचं एक कारण कमी होतं.

अमेरिकेत रस्ता वेगळा निघाला. चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने १९१२च्या कॅडिलॅकला इलेक्ट्रिक स्टार्टर दिला. गाडीत बॅटरी कायमची आली म्हटल्यावर मॅग्नेटोची गरज संपली. बॅटरी आणि कॉइलची ठिणगी आर्मेचरच्या कोनावर अवलंबून नसते, त्यामुळे ॲडव्हान्सची यंत्रणा सोपी झाली. १९१०च्या दशकाच्या मध्यापर्यंत डेल्कोच्या इग्निशनमध्ये वेगाबरोबर फाकणाऱ्या वजनांचा गव्हर्नर बसलेला होता, तरी स्टिअरिंगवरची दांडीही जोडीला ठेवली होती. लोक हे सांगताना ‘मग दांडी गेली’ असं एका वाक्यात उरकतात. तसं झालं नाही. बरीच वर्षं दोन्ही एकत्र नांदले.

जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे पाळीपाळीने एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढून आतला फिरणारा रोटर आणि बेस प्लेट बाजूला केली की ही वजनं अजूनही बघायला मिळतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. खालचा तुकडा कॅमशाफ्टच्या वेगाने, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पॉइंट, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, उघडणारा कॅम वरच्या तुकड्यावर असतो. दोघांच्या मध्ये पिनांवर लटकलेली दोन वजनं. वेग वाढला की ती जत्रेतल्या साखळीच्या पाळण्यासारखी बाहेर फाकतात आणि वरच्या तुकड्याला पुढे ढकलतात. कॅम पुढे गेला की पॉइंट लवकर उघडतो आणि ठिणगी लवकर पडते. डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरतो म्हणून त्याचे १० अंश म्हणजे क्रँकचे २०. दोन स्प्रिंगा अनेकदा मुद्दाम सारख्या नसतात. एक नाजूक, लगेच ताणली जाणारी. दुसरी जाड आणि हुकावर थोडी ढिली बसवलेली. सुरुवातीला एकटी नाजूक स्प्रिंग काम करते आणि ॲडव्हान्स भराभर चढतो. मग ढिली स्प्रिंग ताणात येते आणि चढण मंद होते. वर सांगितलं ना, वेगाबरोबर ज्योतही भराभर पसरते म्हणून गरज सरळ रेषेत वाढत नाही? ती वाकलेली रेष या दोन स्प्रिंगांत उतरवलेली असते. जाड स्प्रिंग ढिली दिसते म्हणून कुणी ती घट्ट करायला सांगितलं तर ऐकू नका.

आता उरलेलं अर्धं. या वजनांना फक्त वेग कळतो. ३०च्या वेगाने सपाट रस्त्यावर रमतगमत चाललोय की त्याच वेगाने गाडी भरून घाट चढतोय, हे त्यांना कळायचा मार्गच नाही. पण इंजिनाला तर मोठा फरक पडतो. थ्रॉटल थोडाच उघडा असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी आणखी लवकर हवी. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना मिश्रण दाट, ते भराभर जळतं, आणि तेवढाच ॲडव्हान्स ठेवला तर नॉकिंग, म्हणजे तीच टकटक. जुना ड्रायव्हर हे कानाने ओळखून दांडी वर घ्यायचा. वजनांना कान नाहीत.

फोर्डने १९२७मध्ये मॉडेल ए आणली तेव्हाही स्पार्कची दांडी ठेवली होती, बाकी बरेच जण पुढे गेले असताना. मग १९३२च्या व्ही-८मध्ये एका फटक्यात दांडी काढली आणि भाराचा प्रश्नही सोडवला, तोही खास आपल्या पद्धतीने. डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं तर होतीच, शिवाय एक छोटा ब्रेक होता. स्प्रिंगच्या जोराने एक बारीक पिस्टन ॲडव्हान्सच्या चकतीच्या कडेवर दाबला जायचा, आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीतला, व्हॅक्यूम त्याला मागे ओढून धरायचा. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम पडतो, ब्रेक लागतो, वजनांना फाकायला अडसर होतो आणि ठिणगी मागे राहते. चढावर दांडी वर घेणारा हात तो हाच.

बाकीच्यांनी १९३०च्या दशकात उलट बाजूने मार्ग काढला. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला जी बशीसारखी डबी दिसते ती व्हॅक्यूम ॲडव्हान्सची. आत पडदा, व्हॅक्यूम वाढला की पडदा ओढला जातो आणि पॉइंटांची प्लेट कॅमच्या उलट दिशेला सरकते. नळी अनेकदा कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या पात्याच्या किंचित वर निघते, म्हणजे आयडलिंगला तिथे व्हॅक्यूम नाही, पाय थोडा दाबला की भरपूर, पूर्ण दाबला की पुन्हा नाही. वजनं वेग बघणार, पडदा भार बघणार. हे दोघं मिळून आले तेव्हा कुठे दांडीची गरज खऱ्या अर्थाने संपली, आणि ही जोडगोळी पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन येईपर्यंत टिकली.

वजनांचा खेळ हाताने बघायचा असेल तर संग्रहालयाची गरज नाही. कुर्ल्यात बनलेली एखादी प्रीमियर पद्मिनी ओळखीत असेल तर इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेला बोटांनी वळवा. थोडा वळेल, स्प्रिंग जाणवेल, आणि सोडल्यावर टपकन जागेवर परत यायला हवा. वळतच नसेल तर वजनं गंजून आत अडकली आहेत: गाडी सुरू होईल, पण वेगात दम नाही, इंजिन तापतं, पेट्रोल खातं. वळून तिथेच राहत असेल तर वजनं बाहेर अडकली आहेत किंवा स्प्रिंग तुटली आहे: आयडलिंगलाच ॲडव्हान्स, सुरू करताना धक्के, चढावर टकटक. पॉइंटवाल्या जुन्या बुलेटच्या ऑटो ॲडव्हान्सलाही हीच परीक्षा चालते. तिथे वजनं बाहेर अडकली असतील तर किक मारण्याआधी आतला गंज साफ करून पिनांवर तेलाचा थेंब सोडा.