लॉनमधलं तण: उपटण्याआधी ओळखा

प्रश्न (निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार): बंगल्यापुढं मेक्सिकन लॉन लावून वर्ष झालं. मुरमाड जागा होती म्हणून मळ्यातली माती आणि घरचं शेणखत टाकलं. आता जागोजागी तण दिसतंय, उपटलं की दुप्पट येतंय. पाच फोटो पाठवले आहेत. उसातलं टू-फोर-डी तणनाशक थोडं उरलंय, ते मारलं तर चालेल का?

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलतो. मारू नका. एक तर लॉनच्या कडेला तुमची द्राक्षाची बाग आहे, आणि टू-फोर-डीचा नुसता वारा लागला तरी द्राक्षाची कोवळी पानं वेडीवाकडी होतात. ज्या पंपातून ते मारलं, तोच पंप नुसता विसळून बागेत नेला तरी तेच घडतं. दुसरं म्हणजे तुमची खरी डोकेदुखी असलेलं तण त्यानं मुळापासून जाणार नाही.

ते तण पहिल्या फोटोत आहे. लॉन कापल्यावर दोन-तीन दिवसांत बाकीची हिरवळ खाली असताना जी चकचकीत पाती एकटीच वर डोकावतात, ती म्हणजे लव्हाळा. दिसतो गवतासारखा, पण गवत नाही. खात्री करायची तर फुलाचा दांडा चिमटीत धरून फिरवा. गवताची काडी गोल फिरते, लव्हाळ्याच्या दांड्याच्या तीन धारा बोटाला लागतात. मग खुरप्यानं वीतभर खोल उकरा. काळपट तपकिरी गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या सापडतील आणि फोडली की वास येईल, उटण्यातल्या नागरमोथ्याचा. वर ओढलं की पात हातात येते, गाठ खाली राहते आणि शेजारच्या गाठीही फुटतात. ‘दुप्पट येतंय’ म्हणता ते यामुळंच. बहुतेक या गाठी मळ्यातल्या मातीबरोबर तुम्हीच आणल्यात.

पट्टा लहान असेल तर तेवढा तुकडा गाठींसकट खणून काढा, तिथं गाळलेली माती आणि नवीन लॉन बसवा. सगळीकडं पसरला असेल तर दर पंधरा दिवसांनी न चुकता, पात लहान असतानाच काढत राहा, म्हणजे गाठीतला साठा संपत जातो. एकदा काढून दोन महिने विसरलात तर केलेली मेहनत वाया. अगदीच हाताबाहेर गेलं तर एप्रिल-मेमध्ये लॉन काढून जमीन खणा आणि गाठी उन्हात उघड्या पाडा. वाळलेली गाठ उगवत नाही. उन्हाळी नांगरटीत आपण तेच करतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत तुमची गल्लत झाली आहे. दोन्हींचे देठ लालसर, दोन्ही जमिनीला चिकटून पसरलेली. देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर लहान दुधी, काही भागांत तिला नायटी म्हणतात. चीक नाही आणि पान जाड, रसरशीत असेल तर घोळ. भाजीसाठी खुडताना दोन्ही मिसळू देऊ नका; दुधीचा चीक डोळ्यात गेला तर आग होते. उपटलेली घोळ लॉनवरच टाकू नका, ती तिथंच पुन्हा मूळ धरते.

चौथी आंबुशी. बदामाच्या आकाराची तीन-तीन पानं, पिवळं फूल, चघळलं की आंबट. तिच्या शेंगा वाळल्या की तडकतात आणि बी दूर उडतं, म्हणून शेंग धरण्याआधी काढा. त्याच फोटोच्या कोपऱ्यात गाजरासारख्या पानांचं एक रोपटं दिसतंय, ते गाजरगवत आहे. हातमोजे घालून, फूल येण्याआधी मुळासकट उपटा.

मळ्यात सगळी तणं ओळखणारा माणूसही लॉनमध्ये फसतो, त्यात कमीपणा नाही. सतत कापणी झाली की झाड बुटकं होऊन आडवं पसरतं, ओळखीचा चेहराच बदलतो.

शेणखत पुढच्या वेळी पूर्ण कुजलेलंच टाका, कच्च्या खतातून तणाचं बी येतं. लॉनही फार तासू नका. दीड-दोन इंच ठेवा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. तुमच्या फोटोत मधेमधे माती दिसतेय, दुधी आणि घोळ नेमकी तिथंच आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक सुचवणारेही भेटतील. ते तणाबरोबर लॉनही जाळतं, आणि 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार त्याची फवारणी प्रशिक्षित कीड नियंत्रण व्यावसायिकांकडूनच करायची आहे.

पाचवा फोटो हलला आहे. हरळी असावी असा अंदाज. तशी असेल तर निवडक मारणारं औषध शोधत बसू नका, तीही गवतच आहे. मेक्सिकनमध्ये ती उठून दिसते, पण मला विचाराल तर राहू द्या. गणपतीत दूर्वा घरच्या मिळतील, फक्त तिथं काही फवारू नका. खात्रीसाठी एक रोप मुळासकट उपटून, पांढऱ्या कागदावर ठेवून, उजेडात पुन्हा फोटो काढून पाठवा.