शिलेदार की बारगीर? नॉर्मन नाइटची चाकरी

प्रश्न : मध्ययुगीन युरोपविषयीच्या मराठी लेखनात ‘नाइट’ या शब्दासाठी सरसकट ‘शिलेदार’ असे लिहिलेले आढळते. इंग्लंडच्या राजांच्या पदरी असलेला नॉर्मन नाइट खरोखरच स्वतःच्या घोड्यावर चाकरी करीत असे काय? त्याला जमीन मिळे की रोख वेतन? आणि युद्ध नसताना तो काय करी?
— एक वाचक

उत्तर : शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई आणि बारगिराला घोडा सरकारातून मिळे, एवढाच भेद पाहिला तर ‘शिलेदार’ हा शब्द चुकीचा वाटत नाही, परंतु राजाच्या खासगी पथकातील नाइटला हे दोन्ही शब्द अर्धेच लागू पडतात. घोडा त्याचा स्वतःचा असला, तरी तो कामगिरीवर मेल्यास धन्याने भरपाई द्यावी अशी त्याची अपेक्षा असे. पुढे एडवर्ड पहिला (१२७२–१३०७) याच्या काळात तर मोहिमेच्या आरंभीच घोड्यांचे रंग आणि किमती यादीत नोंदवून ठेवीत.

जमिनीच्या मोबदल्यात वर्षाला ४० दिवस लढाई, हे पाठ्यपुस्तकातले चित्र जमीनदार नाइटांचे आहे. त्यांच्यापैकी पुष्कळ जण १२व्या शतकात प्रत्यक्ष येण्याऐवजी ‘ढालपट्टी’ म्हणता येईल असा कर भरून मोकळे होत, आणि राजाला त्या पैशातून रोजावर नाइट ठेवता येत. हेन्री दुसरा (११५४–११८९) याच्या काळात हा रोज साधारणपणे ८ पेनी होता. एडवर्डच्या काळापर्यंत तो २ शिलिंग, म्हणजे २४ पेनी झाला. खासगी पथकातल्यांना शिवाय धन्याच्या पंगतीला जेवण आणि सणासुदीला वस्त्रे मिळत. जमीन ही नोकरीच्या शेवटी मिळाली तर मिळणारी गोष्ट होती, आणि बहुतेकांना ती मिळत नसे.

हे सर्व एका माणसाच्या आयुष्यात पाहता येते. विल्यम मार्शल हा १२व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास जन्मलेला, राजाच्या अश्वशाळेशी मूळ संबंध असलेल्या ‘मार्शल’ या हुद्द्याच्या घराण्यातला धाकटा मुलगा. वारशात त्याच्या वाट्याला फारसे काही येणार नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने त्याचे चरित्र फ्रेंच पद्यात, १९ हजारांहून अधिक ओळींत लिहवून घेतले. ते अर्थातच गौरवपर असल्याने त्यातल्या पराक्रमांना थोडी सूट द्यावी लागते. पैसा, कपडे आणि घोडे यांविषयी मात्र त्याच्याइतका बारकाईने बोलणारा साक्षीदार मिळणे कठीण.

विल्यम उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या सरदाराकडे वाढला आणि ११६६च्या सुमारास तिथेच नाइट झाला. ड्रँकूर येथील पहिल्याच लढाईत तो जिवाच्या आकांताने लढला, पण त्याचा घोडा मारला गेला. रात्री मेजवानीच्या वेळी विल्यम द मँडव्हिल या सरदाराने त्याच्याकडे थट्टेने एखादी दुमची (घोड्याच्या शेपटीखालून जाणारा पट्टा) भेट मागितली. आपल्याजवळ तसले काही नाही, असे तरुण विल्यमने भाबडेपणाने सांगताच सगळे हसले. कारण दिवसभरात त्याने शत्रूचे इतके स्वार लोळवले होते, की त्यांचे घोडे आणि सामान ताब्यात घेतले असते तर तो श्रीमंत झाला असता. दुसरा घोडा घेण्यासाठी त्याला नाइट होताना मिळालेला झगा २२ शिलिंगांना विकावा लागला. लढणे आणि लढाईवर जगणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, हे तो त्या रात्री शिकला असावा.

राजघराण्याच्या चाकरीत तो शिरला तो एका पराभवामुळे. ११६८ साली फ्रान्समधल्या प्वातू प्रांतात दबा धरून बसलेल्यांनी त्याच्या मामाला ठार केले आणि मांडीला जखम झालेल्या विल्यमला कैद केले. हेन्री दुसऱ्याची राणी एलिनॉर हिने खंडणी भरून त्याला सोडवले, घोडे, शस्त्रे व कपडे दिले, आणि ११७० पासून तो तिच्या मुलाचा, म्हणजे वडील हयात असतानाच राज्याभिषेक झालेल्या ‘तरुण राजा’ हेन्रीचा, शस्त्रविद्येतला मार्गदर्शक झाला.

युद्ध नसताना काय, याचे उत्तर इथे येते. निरोप पोहोचवणे, राजाच्या प्रवासात सोबत राहणे, किल्ला सांभाळणे, सल्लामसलतीला बसणे ही रोजची कामे होतीच. पण कमाईचे मैदान म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या स्पर्धा. मैलोन्‌मैल पसरलेल्या रानात दोन पथके एकमेकांवर तुटून पडत आणि पकडलेल्या प्रतिस्पर्ध्याचा घोडा किंवा खंडणी विजेत्याची होई. विल्यमने रोजे द गोजी या दुसऱ्या नाइटशी निम्म्या वाट्याची भागीदारी केली आणि दोघांनी सुमारे दहा महिन्यांत १०३ नाइट पकडले. हा आकडा राजपुत्राच्या मुदपाकखान्यातल्या कारकुनाने टिपून ठेवला होता. एका स्पर्धेनंतर बक्षीस घेऊन लोक त्याला शोधत आले, तेव्हा तो लोहाराच्या ऐरणीवर डोके ठेवून बसला होता आणि लोहार घणाने व पकडीने त्याचे चेपलेले शिरस्त्राण सोडवत होता.

मोठी जमीन आली ती मात्र ११८९ साली, चाळिशी उलटल्यावर. त्या वर्षी फ्रान्समधल्या ले माँ शहरातून माघार घेणाऱ्या हेन्री दुसऱ्याच्या पाठलागावर खुद्द त्याचा मुलगा रिचर्ड होता. विल्यमने वळून त्याला अडवले आणि भाला रिचर्डला न मारता त्याच्या घोड्याला मारला. काही आठवड्यांतच रिचर्ड राजा झाला. सूड घेण्याऐवजी त्याने इझाबेल द क्लेअर या वारसदार युवतीशी विल्यमचे लग्न होऊ दिले, आणि तिच्याबरोबर वेल्स व आयर्लंडमधल्या विस्तीर्ण जमिनींचा अधिकार त्याच्याकडे आला. माझ्या मते रिचर्डने त्या दिवशीची निष्ठाच विकत घेतली.

१२१९ साली कॅव्हरशॅम येथे तो मरणशय्येवर होता, तोपर्यंत तो इंग्लंडच्या बालराजाचा कारभारी झालेला होता. लुटलेले परत केल्याशिवाय मुक्ती नाही, असे धर्मगुरूंचे मत त्याच्या कानावर घालण्यात आले; आपण ५०० नाइटांचे घोडे आणि शस्त्रे घेतली, ती आता परत करणे शक्य नाही, असे त्याने उत्तर दिले. कोठीतली उंची वस्त्रे विकून आत्म्यासाठी दानधर्म करावा, असे एका कारकुनाने सुचवले, तेव्हा तो संतापला: पेंटेकॉस्टचा, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारचा, ख्रिस्ती सण जवळ आला होता, आणि ती वस्त्रे त्याच्या पदरच्या नाइटांना दरवर्षीप्रमाणे वाटायची होती.