अक्षय्य तृतीया आणि सोनेखरेदी

प्रश्न : माझ्या आजीच्या आठवणीत अक्षय्य तृतीयेला कुणी सोने घेत नसे, मग ही प्रथा शास्त्रातली की सराफांची? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : आपल्या आजींची आठवण चुकीची नाही. हा दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्याने ऐपत असलेली माणसे पूर्वीही एखादी वस्तू घेत असत. परंतु त्याचा मूळ भर खरेदीवर नसून दानावर आणि पितरांच्या स्मरणावर होता. वैशाखाच्या ऐन उन्हाळ्यात पाण्याने भरलेला मातीचा घट दान करावा, यामागची कळकळ वेगळी सांगायला नको. आपल्या खानदेशात तर ही आखाजी, म्हणजे सासुरवाशिणींचे माहेरपण आणि झाडाला बांधलेले झोके; पाण्याची घागर, तिच्यावर आंबा किंवा खरबूज, आणि पितरांना पुरणपोळीचा नैवेद्य. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सांगताही याच दिवशी होते, त्यात कैरीची डाळ आणि पन्हे असते, सोने नसते.

सोन्याचा आग्रह प्रामुख्याने गेल्या काही दशकांतला आहे. सराफांनी नवी कथा रचली नाही. ‘अक्षय्य’ म्हणजे न संपणारे, एवढा एकच शब्द उचलून तो दानाच्या पुण्यावरून खरेदीच्या वस्तूवर बसवला, आणि हे काम, मान्य करावे लागेल, मोठ्या चतुराईने झाले. लग्नसराई जवळ असतेच. घडणावळीवरील सवलतीची पानभर जाहिरात त्याच सकाळी दारात येऊन पडते, वृत्तवाहिन्या दुकानांतील गर्दी दाखवतात, आणि ती गर्दीच पुढच्या वर्षीची जाहिरात ठरते.