‘इलेक्टिव्ह मेरिट’ सोडा, ‘निवडणे’ बघा

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: “सामाजिक प्रश्नांवर पक्ष जी भूमिका घेतो तिचा त्याच्या इलेक्टिव्ह मेरिटवर काय परिणाम होतो, यावर निबंध लिहायचा आहे. इलेक्टिव्ह मेरिटला मराठीत काय म्हणावं? निवडणूकक्षमता चालेल का?”

नाही चालणार. ‘निवडणूकक्षम’ म्हणजे निवडणूक घ्यायला समर्थ. ते निवडणूक आयोगाचं वर्णन झालं, उमेदवाराचं नव्हे. आणि ‘इलेक्टिव्ह मेरिट’ तर ऐकवत नाही. तिकीटवाटप जवळ आलं की जो तो हाच शब्द घोळवतो. गाठीला पैसा, पाठीशी साखर कारखाना, जातीचं गणित जुळलेलं, एवढ्याला मेरिट म्हणायचं? मेरिट म्हणजे लायकी. कोल्हापुरात माणसं सरळ विचारतात, “ह्यो येतोय का निवडून?” त्यातच उत्तर आहे. ‘निवडून येण्याजोगा’ लिहा. नामच हवं तर ‘निवडून येण्याची शक्यता’.

पण खरी गंमत ‘निवडणे’मध्ये आहे. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या बाईचे हात बघा. ती म्हणते तांदूळ निवडतेय, बोटं उचलतात मात्र खडे आणि गणंग. मेथी निवडताना उलट: पानं ठेवायची, काड्या टाकायच्या. म्हणजे चांगलं उचलणं हा या क्रियापदाचा गाभाच नाही. गाभा आहे वेगळं करणं. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात राजहंस पाण्यात मिसळलेलं दूध ‘निवडून’ ‘वेगळे’ करतो. दोन्ही शब्द एकाच ओवीत शेजारी आलेत.

आणि याला आधार केवढा जुना! बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण रचलं. त्यात ‘होणे’ या अर्थाच्या ‘भू’ धातूला प्राकृतात कोणकोणते पर्याय येतात ते सांगताना सूत्र आहे: ‘पृथक्स्पष्टे णिव्वडः’. वेगळं होणं किंवा स्पष्ट होणं असा अर्थ असेल, तर ‘णिव्वड’. आपलं ‘निवड’ ते हेच. ‘निवाडा’ही याच घरातला: दोन बाजू वेगळ्या करून स्पष्ट सांगणं. वेगळं आणि स्पष्ट हे दोन्ही अर्थ एका शब्दात सापडले तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

तरीही संस्कृतचे काही अभ्यासक ‘नि + वृ’, म्हणजे वरणे, असं मूळ सांगत सुटतात. नवरा वरला, तसा आमदार वरला म्हणे. हे साफ चूक आहे. ‘नि + वृ’पासून आपल्याकडे ‘निवारणे’ आलं, ‘निवारा’ आला. अडवणं, थोपवणं हा त्याचा अर्थ, निवडण्याच्या जवळपासही न जाणारा. शिवाय प्राकृतातला जोड ‘व्व’ सांगतो की आधी ‘नि’ नव्हे, ‘निर्’ होता. एवढी साधी खूण दिसत नसेल तर व्युत्पत्ती सांगायला बसू नये.

हिंदीचं ‘चुनाव’ वेगळं. ते ‘चि’ धातूचं, चिनोति, म्हणजे गोळा करणे. निपाणीला गेलात तर कन्नड पाट्यांवर ‘चुनावणे’ दिसेल. हिंदी गोळा करते, मराठी वेगळं करते. म्हणून ‘चुनून आले’ असलं मराठी कुणी बोललं की मी तिथंच थांबवतो.

आता तुमचा निबंध. हेमचंद्राचे दोन्ही शब्द पक्षाला लावून बघा. भूमिका वेगळी नसेल, स्पष्ट नसेल, तर मतदाराने निवडायचं कशातून? 1985 ला कोल्हापूर शहराने शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) एन. डी. पाटील विधानसभेवर पाठवले. लहान पक्ष, पण शिक्षण, शेतकरी, अंधश्रद्धा यांवर हा माणूस कुठे उभा आहे हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. माझ्या मते ती अस्सल निवड.

“आमच्या जिल्ह्यात गट चालतो, भूमिका नाही,” असं म्हणणारे भेटतील. 2019 च्या कोल्हापूर लोकसभेचा दाखला देतील: ‘आमचं ठरलंय’ म्हणत काँग्रेसच्या नेत्याने राष्ट्रवादीच्या, म्हणजे मित्रपक्षाच्याच, उमेदवाराविरुद्ध कंबर कसली आणि शिवसेनेचा खासदार झाला. मान्य. तिथे सामाजिक प्रश्न बाजूला पडले आणि दोन गटांचा निवाडा झाला.

पण 2024 ची लोकसभा बघा. काँग्रेसने कोल्हापूरच्या राजगादीचे शाहू छत्रपती उभे केले. विरोधकांकडून ‘मान गादीला, मत मोदीला’ अशी घोषणा आली. घोषणा देणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल, पण ‘मान’ आणि ‘मत’ दोन्ही एकाच ‘मन्’ धातूचे; मनात एखाद्याला जे स्थान देतो तो मान, मनाने जे ठरवतो ते मत. काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखाहून जास्त मतांनी आले. गादीच्या मानामागे राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा जाहीरनामा उभा होता, संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना 50 टक्के जागा राखणारा. सव्वाशे वर्षांपूर्वी घेतलेली इतकी स्पष्ट सामाजिक भूमिका इथल्या माणसाला अजून तोंडपाठ आहे. मतं एवढ्यानेच पडली असं मी म्हणणार नाही; गट होते, कारखाने होते, आरक्षणाचा ताजा प्रश्न होता. पण तुमच्या निबंधात ही निवडणूक हवीच, आणि तिच्यासाठी ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा शब्द कुठेही नको.